पेंढ्याची उशी, एक नग

उशी या वस्तूवर माझा कधीच विश्वास नव्हता. बाहेरून फुगलेली दिसते, आत काय कोंबलंय ते कुणी सांगत नाही, आणि एकदा शिवली की उघडून बघायची सोय नाही. मी एकतीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत इन्कमिंग इन्स्पेक्शनला काढली. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की गेटवरूनच परत धाडायचा, हे ठरवायचं काम. या कामाने माणसाचा स्वभाव बनतो. सप्लायर फार गोड बोलला की मी खोकं तळापासून उघडायचो. अजूनही भाजीवाला "एकदम ताजी" म्हणाला की मी जुडी सोडून बघतो. विजयश्री, म्हणजे आमची सौभाग्यवती, सगळ्यांना सांगते की हे मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि पोह्यांच्या बशीकडे जास्त बघत होते. खोटं नाही ते. बशीचा टवका उडाला होता.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर उशीच्या नादाला लागावं, याला कारण आमची मिनल. मिनल रावेतला राहते. तिला सातवा लागला तेव्हाच मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. युरोपातली कुठलीशी म्हातारी, तिच्या मांडीवर एक गोल घट्ट उशी. उशीवर आराखड्याचा कागद, कागदावर ठिपके, ठिपक्या-ठिपक्यावर टाचणी. आणि चोवीस लाकडी कांड्या, प्रत्येकीला दोरा गुंडाळलेला. म्हातारी त्या कांड्या एकमेकींवरून टाकत होती, उजवी डावीवर, डावी उजवीवर, आणि टाचण्यांच्या मधून पांढरीशुभ्र जाळी उतरत होती. याला बॉबिन लेस म्हणतात. मला ते बघताक्षणी पटलं. ड्रॉइंग होतं, काम ड्रॉइंगप्रमाणे चाललं होतं, आणि एक कांडी चुकली की लगेच उघडं पडत होतं. लपवाछपवीला जागाच नाही.

"बाळाच्या नामकरणाला टोपड्याची लेस मी करणार," मी जाहीर केलं.

विजयश्रीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही शर्ट बदलता. खरं सांगा, काय चाललंय?"

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. मिनलच्या नामकरणाच्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होतो, संध्याकाळपर्यंत घरी येतो म्हणून सांगून गेलो होतो, आणि एक ट्रक परत पाठवायच्या भानगडीत पुढच्या शिफ्टलाही थांबलो. घरी पोचलो तेव्हा पाहुणे चपला घालत होते. माझ्या लेकीचं नाव मला जिन्यात एका शेजाऱ्याने सांगितलं. "मिनल ठेवलं बरं का, ओव्हाळ!" त्याला काय, तो आनंदाने सांगत होता. मला ते आजही लागतं. त्यामुळे या वेळी मला नुसतं हजर राहायचं नव्हतं, हातात काहीतरी घेऊन हजर राहायचं होतं.

आता उशी. या कामात सगळा भार उशीवर असतो. टाचणी जिथे टोचली तिथेच ताठ उभी राहिली पाहिजे, नाहीतर दोरा ओढला की ती कलते आणि जाळीचे तीनतेरा वाजतात. मी सुरुवात सोफ्याच्या उशीपासून केली. टाचणी आत गेली ती गेलीच. ती कुठे निघाली हे मला मांडीवरून कळलं. विजयश्री धावत आली आणि आधी तिने सोफ्याची उशी तपासली, मग मला.

मग मी पिंपरीत गादीवाल्याकडे गेलो.

"किती मऊ पाहिजे?" त्याने विचारलं.

"मऊ नको. कडक पाहिजे."

"म्हणजे मिडियम."

"मिडियम नाही. बोटाने ठोकली तर टकटक वाजली पाहिजे."

त्याने हातातला कापूस खाली ठेवला. "मानेचा त्रास आहे का, साहेब?"

"तिच्यावर डोकं ठेवायचंच नाही. टाचण्या टोचायच्यात."

गादीवाल्याने माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघितलं, मग हळू आवाजात म्हणाला, "आम्ही फक्त झोपायच्या उश्या करतो. दुसऱ्या कामाच्या नाही." आणि आत जाऊन मोठ्याने फोनवर बोलायला लागला. त्याच्या हातात फोन नव्हता, हे मी इन्स्पेक्टर असल्यामुळे माझ्या लक्षात आलं.

आमची सोसायटी मोशीला आहे. सोसायटीत एखादी गोष्ट जिन्यात बोलली की ती लिफ्टच्या आधी वर पोचते. मला कडक उशी हवी आहे एवढं कळल्यावर सल्ले सुरू झाले. एकाने थर्माकोल सुचवला. तो टाचणी टोचली की असा किंचाळायचा की विजयश्री कानात बोटं घालून स्वयंपाक करायची. आमचे चेअरमन जयसिंगराव जातीने घरी आले आणि म्हणाले, "गव्हाचा कोंडा भरा. माझ्या साडूने भरला होता." साडूने कशासाठी भरला होता आणि पुढे त्याचं काय झालं, हे मी विचारायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी उशीतून सोंडे बाहेर पडले आणि रांगेने तांदळाच्या डब्याकडे निघाले. जयसिंगरावांना सांगितलं तर म्हणतात, "हो, साडूचंही तेच झालं."

शेवटी त्या व्हिडिओतल्या म्हातारीने सांगितलेलं खरं मानलं. ती म्हणत होती, जुन्या लोकांच्या उश्या पेंढ्याच्या असायच्या, ठोकून ठोकून भरलेल्या. पेंढ्यासाठी मी राजगुरुनगरच्या पलीकडे राहणाऱ्या माझ्या आत्याला, चतुराबाईंना, फोन लावला.

"पेंढा?" आत्या म्हणाली. "म्हस घेतलीस व्हय रं?"

"नाही आत्या, उशी भरायचीय."

आत्याने एकदम आवाज मऊ केला, "धम्मरत्ना, घरात समदं ठीक हाय न्हवं? उशा मी धाडून देते हो. पोराच्या खोलीत दोन पडल्यात." तिला समजावता समजावता माझ्या फोनची बॅटरी संपली. पेंढा मात्र आला, चांगलं एक पोतं.

पेंढा हाताने भरून बघितला. कितीही कोंबला तरी तो मागच्या बाजूने बाहेर यायचा. मग मला आठवला ज्योतीराम. ज्योतीराम माझा जुना सहकारी, अजून त्याच कंपनीत पॅकिंगला आहे. त्याच्याकडे रद्दी पुठ्ठ्यांचे गठ्ठे दाबायचा प्रेस आहे. मी त्याला ड्रॉइंग करून दिलं. व्यास साडेचारशे मिलिमीटर, जास्तीत जास्त दोन कमी-जास्त. मधला फुगवटा शंभर. खोळ जाड कॅनव्हासची. ज्योतीरामने ड्रॉइंग दोनदा बघितलं आणि विचारलं, "साहेब, ही कुठल्या गाडीला लागते?"

एका रविवारी आम्ही ती दाबली. पहिली खोळ फाटली आणि पेंढा सगळ्या शेडभर झाला. "असा कोरडा न्हाई दबत, साहेब," ज्योतीराम म्हणाला आणि त्याने दुसऱ्या पेंढ्यावर बादलीभर पाणी मारलं. या वेळी उशी दबली. काय दबली! मी बोटाने ठोकली, टकटक वाजली. व्हर्नियरने मोजली, मापात बसली. एकतीस वर्षांत मी कुठल्याही वस्तूकडे इतक्या प्रेमाने बघितलं नसेल, आणि यात विजयश्रीही आली, पण हे तिला सांगू नका.

गेटवर सिक्युरिटीने अडवलं.

"हे काय आहे?"

"उशी."

"कंपनीची?"

"नाही, माझी."

"मग आत कधी आली? आवक रजिस्टरला उशी नाही."

"आत पेंढा आला होता. त्याची झाली उशी."

"मग पेंढा बाहेर न्या. उशी कशी नेता?"

मी स्वतः याच गेटवर एकतीस वर्षं लोकांना असंच निरुत्तर केलेलं आहे, त्यामुळे मला त्या माणसाचा अभिमानही वाटला आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटली. त्याने उशीत लोखंडी सळई खुपसायचा प्रयत्न केला. सळई गेली नाही. त्याने त्याचा संशय आणखी वाढला. शेवटी ज्योतीरामने गेट पास फाडला आणि त्यावर लिहिलं, "पेंढ्याची उशी, एक नग." खाली रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल असे दोन चौकोन होते. घाईत त्याने रिटर्नेबलवर टिक मारली. तेव्हापासून दर सोमवारी मला गेटवरून फोन येतो. "साहेब, उशी ओव्हरड्यू झालीय. कधी जमा करताय?"

राहिल्या टाचण्या. म्हातारी व्हिडिओत तीन-तीनदा सांगत होती की पितळीच टाचण्या घ्या, दुसऱ्या चालत नाहीत. आणि खाली लगेच पितळी टाचण्या विकत घ्यायची लिंक. अच्छा! असं आहे होय! मी मनात म्हटलं, बाई, तुझ्यासारखे सप्लायर मी सकाळच्या चहाआधी तीन परत पाठवत होतो. चिंचवडच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी साध्या टाचण्यांची डबी आणली. चारशे टाचण्यांची लांबी मोजली, काचेवर लोळवून सरळपणा बघितला, बावीस वाकड्या निघाल्या त्या दुकानदाराला परत दिल्या. तो दुकानदार आता मला बघून शटर अर्धं खाली ओढतो.

काम सुरू झालं. सकाळी हॉलच्या खिडकीपाशी बसायचं, उशी मांडीवर, आणि तोंडाने मोजायचं. कांडी कांडीवरून गेली की फुली, उलटी फिरली की पीळ, आणि मग टाचणी. "फुली, पीळ, फुली, टाचणी. फुली, पीळ, फुली, टाचणी." मोठ्याने म्हटलं नाही तर मी चुकायचो. कांड्यांच्या टोकांना वजनासाठी मणी बांधले होते, ते खुळखुळायचे. दिवसाला एक बोटभर लेस व्हायची. रोज मी चूक काढायचो, रोज उसवायचो.

अशातच एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या कौशल्याबाई धपाटे घेऊन आल्या. बाई लातूरकडच्या, मुलगा कंपनीत शिफ्टला जातो, स्वभावाने मोकळ्या. दार उघडंच होतं. मी आपला डोळे बारीक करून "फुली, पीळ, टाचणी" करत उशीत टाचणी खुपसत होतो.

"हे काय करलालाव हो भाऊ?" बाईंनी दारातूनच विचारलं.

मी दचकलो. एकोणसाठ वर्षांचा माणूस लेस विणतोय ही बातमी सगळ्या मोशीत होईल, या भीतीने मी हाताला लागलं ते फडकं उशीवर टाकलं आणि म्हणालो, "काही नाही. सहज." फडकं लाल होतं. बाईंनी धपाटे विजयश्रीच्या हातात दिले आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही. कौशल्याबाई विचारत नाहीत म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मी तेव्हाच ताडलं.

आणि शिजलं की! चार दिवसांत मी लिफ्टमध्ये शिरलो की बोलणं बंद. पोरांचा चेंडू आमच्या दारात आला तर पोरं तो सोडून नवीन आणायची. मग जयसिंगराव आले. "सहज आलो," म्हणत त्यांनी घराचे चारही कोपरे बघितले. लाल फडक्याखालचा उंचवटा बघून खुर्ची मागे घेतली.

"ओव्हाळसाहेब, एक विचारू? ते... कुणाच्या नावाने चाललंय?"

"नातीच्या," मी म्हणालो. बाळ आठवड्यापूर्वीच झालं होतं, मुलगी होती, आणि माझा आनंद तोंडावर होताच.

जयसिंगरावांचा चेहरा पांढरा पडला. "स्वतःच्या नातीच्या?" असं म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली की सभासदांनी घरात टोकदार वस्तूंचे अघोरी प्रकार करू नयेत, त्याने इतरांच्या आरोग्यावर परिणाम होतो. इतरांचं आरोग्य म्हणजे जयसिंगरावांचा गुडघा. मी टाचण्या आणल्या त्याच आठवड्यात तो धरला होता म्हणे.

आता मला सांगा, हे कुणाला? धम्मरत्न ओव्हाळला! सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात दरवर्षी वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण कोण देतं? मी देतो. लोक कंटाळतात, तरी देतो. पार्किंगमधल्या गाडीला लटकवलेलं लिंबू काढून, कापून, त्याचं सरबत करून सगळ्यांना पाजलं होतं कुणी? मी. माझ्या बापाने गावच्या जत्रेत अंगात येणाऱ्याला हातातली टाचणी दाखवून शुद्धीवर आणलं होतं. आणि माझ्यावर करणीचा संशय! मी ग्रुपवर उत्तर टाइप केलं, साडेचारशे शब्दांचं. विजयश्रीने फोन काढून घेतला. "नुसतं 'लेस करतोय' असं लिहा ना," ती म्हणाली. पण आता मी का सांगू? आरोप त्यांनी केलाय, तपासणी त्यांनी करावी.

नामकरणाचा रविवार ठरला. चार बोटं लेस उरली होती. आणि त्या आठवड्याच्या मंगळवारी सकाळी मी फडकं काढलं तर पांढऱ्या जाळीवर तांबूस ठिपके. एक नाही, दोन नाही, चांगले पंधरा-वीस. दोन महिन्यांचं काम होतं ते.

"काल इथे कोण आलं होतं?" मी विजयश्रीला विचारलं. मी सोमवारी दिवसभर रावेतला होतो.

"कौशल्याबाई आल्या होत्या. बघत होत्या बिचाऱ्या."

"हात लावला?"

"लावला असेल. पूजा करून आल्या होत्या, बोटांना कुंकू होतं म्हणून मीच म्हटलं सांभाळून."

झालं! कंपनीत आम्हाला शिकवलंय की दोषाचं मूळ शोधायचं तर पाच वेळा 'का' विचारायचं. मी विचारायला बसलो. ठिपके का पडले? कुंकू लागलं म्हणून. कुंकू का लागलं? कौशल्याबाईंनी लावलं म्हणून. त्यांनी का लावलं? माझी करणी उतरवायला. इथे तिसऱ्या 'का'वर मी थांबलो, कारण माणूस सापडला होता. आणि एक गोष्ट सांगतो, कुठे बोलू नका. क्षणभर, अगदी क्षणभर, माझ्या मनात येऊन गेलं की बाईने काही मंत्र वगैरे टाकला असेल तर बाळाला त्रास होणार नाही ना? मी स्वतःलाच एक शिवी घातली आणि सोसायटीला लेखी तक्रार दिली, दोन प्रतींमध्ये.

बुधवारी संध्याकाळी जिन्याखालच्या ऑफिसात बैठक भरली. मी उशी उचलून नेली. टेबलाच्या मधोमध ठेवली तसे सगळे खुर्च्यांसकट भिंतीकडे सरकले. जयसिंगरावांनी तक्रार वाचली. कौशल्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पदर खोचला, तडक टेबलापाशी आल्या आणि उशीतली एक टाचणी उपटली.

"अहो, अहो, काढू नका!" मी ओरडलो.

बाईंनी टाचणी उजेडात धरली, अंगठ्याने चोळली आणि अंगठा माझ्या नाकासमोर आणला. "माझं कुंकू असं मळकं असतंय का, भाऊ? डोळे आहेत का बटणं? तुमच्या टाचणीला गंज चढलाय."

मी टाचणी हातात घेतली. जेवढी पेंढ्यात रुतली होती तेवढी, वर लेसला टेकते तिथपर्यंत, तांबडी झाली होती. ज्योतीरामने मारलेलं बादलीभर पाणी त्या घट्ट उशीत तसंच मुरलेलं होतं. आणि टाचण्या लोखंडी. पितळी घे, पितळी घे, असं ती म्हातारी घसा फोडून सांगत होती. एकतीस वर्षं, अहो, एकतीस वर्षं मी गंजाचा एक ठिपका दिसला की ट्रकच्या ट्रक परत पाठवलेत. ड्रायव्हर हातापाया पडायचे. आणि स्वतःच्या चारशे टाचण्यांची लांबी मोजली, सरळपणा मोजला, गंज चढेल का हे नाही बघितलं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

"म्हणजे करणी नाही?" जयसिंगरावांनी जरा निराश होऊन विचारलं. "मग माझा गुडघा?"

"गुडघा तुमचा तुम्ही बघा," कौशल्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. आता त्यांचे डोळे भरले होते. "मी काय विचारलं होतं? काय करलालाव एवढंच ना? तुम्ही लाल फडकं टाकलात. नातीचं टोपडं करलालो म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं? वरून माझ्या नावानं कागद दिलाव. माझ्या कुंकवावर!"

"तुम्ही हसाल असं वाटलं," मी पुटपुटलो.

"हसलो असतो की! मग काय मेला असता का तुम्ही?"

मी खरं ते बोलून गेलो, "कौशल्याताई, रविवारी नामकरण आहे. मिनलच्या वेळी मी नव्हतो. म्हणून ही लेस." विजयश्री दारात उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं.

कौशल्याबाईंनी वाकून लेसवरचे डाग बघितले. "गंज लिंबानं जातोय," त्या म्हणाल्या. "लिंबू, मीठ आणि कडक ऊन. पण आधी ग्रुपवर माफी मागा."

मी तिथेच लिहिलं, "झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे." बाईंनी फोन लावून मुलाकडून ते वाचून घेतलं. "दिलगीर-बिलगीर नको. माफी म्हणा. आणि माझं नाव घाला." मी माफी म्हटलं. नाव घातलं. साठ घरांतून साठ अंगठे वर आले, आणि एक गुलाबाचं फूल, ते जयसिंगरावांचं.

पितळी टाचण्या मी त्याच म्हातारीच्या त्याच लिंकवरून मागवल्या; गोदाम इथलंच निघालं, दुसऱ्या दिवशी घरपोच आल्या. रात्र जागून काढली आणि शुक्रवारी लेस उतरली. शनिवारी भर दुपारी सोसायटीच्या गच्चीवर कौशल्याबाई आणि मी. मध्ये परात, परातीत मीठ चोळलेली लेस, बाजूला कापलेली डझनभर लिंबं, आणि वाळवायला ठेवलेली टाचण्यांनी भरलेली उशी. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या एकेक करून बंद होत गेल्या. माझ्या वैज्ञानिक दृष्टिकोनाचं जे काही व्हायचं ते त्या दुपारी झालं. बाई लिंबू पिळत होत्या आणि लेस बघून म्हणत होत्या, "पर काम झकास केलंत हो भाऊ. खोटं नाही." मी तेवढ्यासाठी आणखी दोन डझन लिंबं पिळली असती.

डाग गेले. सगळे गेले, एक सोडून. तो नेमका मधोमध, कपाळावर येणाऱ्या भागात. चार वेळा लिंबू लावलं, फिकट झाला पण हटेना. विजयश्रीने लेस टोपड्याला शिवली. मी टोपडं खिडकीपाशी नेलं, भिंगातून बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. "दुकानातलं आण एखादं," मी तिला म्हणालो. "हा माल नापास आहे." ती "बरं" म्हणाली. विजयश्री वाद न घालता "बरं" म्हणते तेव्हा माणसाने सावध व्हावं, पण त्या दिवशी माझ्यात त्राण नव्हतं.

रविवारी रावेतला मी तासभर आधीच पोचलो आणि अगदी पुढची खुर्ची धरली. लघवीला लागली तरी उठलो नाही. बुद्धवंदना झाली. मिनल बाळाला घेऊन आली, पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं, आणि डोक्यावर माझं टोपडं. मी विजयश्रीकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग नाव सांगितलं गेलं. उत्पला. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, कुणाच्याही आधी, आणि सगळ्यांच्या समोर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. येऊ दे म्हटलं.

"पप्पा, हे तुम्ही केलंत?" मिनलने लेसवरून बोट फिरवत विचारलं.

"डावीकडे दोन ठिकाणी पीळ चुकलाय," मी म्हणालो. "शेवटची चार बोटं जरा सैल आहेत. आणि मधोमध डाग राहिलाय, तो दाखवू नकोस कुणाला."

"आईने सांगितलं मला," ती म्हणाली, आणि ते डागाबद्दल नव्हतं हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

तेवढ्यात चतुराआत्याने बाळाला मांडीवर घेतलं. शेजारी कौशल्याबाई बसल्या होत्या, मागे आमचे सगळे पाहुणे. आत्याने डोळ्यांजवळ नेऊन टोपडं न्याहाळलं आणि तिचं बोट बरोबर त्या डागावर जाऊन थांबलं.

"आगं बया! ही तीट कुणी लावली?" आत्या खणखणीत आवाजात म्हणाली. "लेकराच्या कातड्याला काजळ न्हाई, टोपड्यालाच लावली! आता कुणाची नजर लागती बघू. कुणाचं डोकं चाललं म्हणायचं हे?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. नजर लागणे या विषयावर माझं वीस मिनिटांचं भाषण आहे, उदाहरणांसकट, मला ते झोपेतही म्हणता येतं. मी उभा राहिलो, घसा साफ केला. उत्पलाने माझ्याकडे बघून एक मोठी जांभई दिली आणि टोपडं डोळ्यांवर आलं.

"मीच लावली, आत्या," मी म्हणालो. "मुद्दाम."